खुर्ची टेबलावर चढणार नाही

हॉटेलात चौदा टेबलं होती, छप्पन्न खुर्च्या होत्या आणि मालक एक होता. पण सकाळी दार उघडेपर्यंत हॉलमध्ये हुकूम चालायचा तो हेडबाईंचा. आणि हेडबाई तिथे काय होत्या? तर झाडलोट करणाऱ्या.

हे नाव वेटर लोकांनी ठेवलेलं. बाईंची स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती. पण फरशी ओली असताना कुणी चपला घालून आत पाऊल टाकलं, की त्या कमरेवर हात ठेवून अशा काही बघायच्या की पन्नाशीला टेकलेला मोठा वेटरसुद्धा गृहपाठ न केलेल्या पोरासारखा दारातच खिळायचा. आधी ते पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. बाईंनी हरकत घेतली नाही. "काय हवं ते म्हणा, पण पाय पुसून या," एवढंच त्या म्हणाल्या.

हेडबाईंचा एकच नियम होता आणि तो देवासाठीही मोडायला त्या तयार नव्हत्या. खुर्ची टेबलावर चढवायची नाही. कोणत्याही हॉटेलात सकाळी डोकावून बघा, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर टाकलेल्या असतात आणि खाली कुणीतरी फरशी पुसत असतं. सोयीचंच आहे ते. बाईंच्या हॉलमध्ये मात्र हे चालायचं नाही. आधी उजव्या बाजूच्या सगळ्या खुर्च्या उचलून डावीकडे न्यायच्या, उचलून, ओढून नाही. मग उजवी बाजू झाडायची, दोन पाण्यांनी पुसायची, वाळू द्यायची. मग सगळ्या खुर्च्या इकडे आणि डावी बाजू पुसायला घ्यायची. शेवटी खुर्च्या जागेवर लावायच्या आणि सगळ्यात शेवटी टेबलं धुवायची, कडा आणि खालची बाजूसुद्धा. या सगळ्याला दीड तास लागायचा. एक तास वीस मिनिटं नाही आणि एक तास चाळीस मिनिटंही नाही.

हे खूळ बाईंच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याचे हात थरथरायला लागले. शिंपी माणूस तो. सुईत दोरा ओवता येईना, कात्री सरळ चालेना, तेव्हा मशीन विकलं गेलं आणि बाई या हॉटेलात मागच्या मोरीवर भांडी घासायला लागल्या. सहा महिन्यांनी हॉलचा माणूस काम सोडून गेला आणि बाईंना पुढे आणलं. जाता जाता त्याने त्यांना शिकवलं होतं: टेबल पुसायचं, खुर्च्या वर, फरशी पुसायची, खुर्च्या खाली, झालं. बाईंनी महिनाभर तसंच केलं. मग एका सकाळी एका गिऱ्हाइकाला पावाखाली केसांचा गुंता सापडला. आरडाओरडा झाला. मालकांनी आचाऱ्याला बाहेर बोलावून सगळ्यांसमोर झापलं. आचारी बिचारा डोक्यावरचं फडकं काढून दाखवत होता. त्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता, चकचकीत टक्कल! लोक हसले. तो मात्र हसला नाही, मान खाली घालून आत गेला.

बाई कोपऱ्यात बादली धरून उभ्या होत्या. त्यांना कळलं होतं. खुर्च्यांच्या पायांना खालून रबराची बुटकी टोपणं असतात. त्यांच्या फटीत केस, धागे, मातीचा चिकटा असं सगळं जमतं. खुर्ची उलटी केली की वाळलेलं ते सुटतं आणि खाली टेबलावर पडतं. म्हणजे तो केस बाईंनीच वाढला होता. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या मालकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काल आचाऱ्याची चूक नव्हती. माझी होती. त्याला तसं सांगा, आणि सगळ्यांसमोरच सांगा."

मालक तोंडाने फटकळ, पण कानाचे चांगले. त्यांनी आचाऱ्याला सांगितलं. वर बाईंना विचारलं, "मग आता करायचं काय?"

"आजपासून खुर्च्या वर चढणार नाहीत."

"फरशी कशी पुसणार मग?"

"ते माझ्यावर सोडा."

मालकांनी सोडलं ते बावीस वर्षं. मालकांची लेक त्याच हॉलमध्ये टेबलाखाली घर घर खेळत मोठी झाली, शिकली, लग्न करून गावातच राहिली, तिला एक पोरगीही झाली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मालकांच्या गुडघ्यांनी दगा दिला, डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं आणि गल्ल्यामागच्या खुर्चीवर जावईबापू येऊन बसले.

जावईबापू वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकावं, नाहीतर बाईंच्या बाजूने बोलता बोलता त्यांच्यावर अन्याय व्हायचा. शिकलेले, नीटनेटके, आवाज चढवून बोलायचे नाहीत. फक्त इतकी वर्षं त्यांनी एका मोठ्या कंपनीत दुसऱ्यांच्या कामाला किती वेळ लागतो हे बघण्याचं काम केलं होतं आणि ती खोड काही जात नव्हती. पहिल्याच आठवड्यात ते हातात घड्याळ धरून बाईंच्या मागे मागे हॉलभर फिरले. बाईंना वाटलं, नवीन माणूस आहे, शिकून घेतोय. त्यांनी कौतुकाने टेबलाच्या खालची बाजूसुद्धा दाखवली.

सोमवारी भिंतीवर छापील तक्ता लागला. *सकाळची सफाई: पंचेचाळीस मिनिटं. एक, टेबलं पुसणे. दोन, खुर्च्या टेबलांवर. तीन, फरशी. चार, खुर्च्या खाली. पाच, दार उघडणे.*

बाईंनी चष्मा लावून अक्षर अक्षर जोडत तो वाचला. मग गल्ल्यापाशी गेल्या.

"चार आणि पाचच्या मध्ये काहीतरी राहिलंय."

"काय राहिलंय?"

"टेबलं धुणं."

"ते एक नंबरला आहे की," जावईबापू शांतपणे म्हणाले. "तेच काम दोनदा कशाला करायचं?"

आता यावर काय बोलणार? ज्याने जन्मात कधी टेबल पुसलं नाही असाच माणूस हा तक्ता करू शकतो. आधी पुसायचं, मग त्यावर खुर्च्या टाकायच्या, आणि वर म्हणायचं, पुसलंय! पण बाईंनी स्वतःला आवरलं आणि आपल्या परीने समजावून सांगितलं.

"साहेब, ताट आत धुतलं जातं. पण माणूस काय नुसता ताटातच जेवतो का? पाव बाजूला टेबलावर ठेवतो. चमचा टेबलावर ठेवतो. लहान पोरं सांडलेलं बोटाने चाटतात. मी बावीस वर्षं बघतेय. टेबल हेसुद्धा ताटच आहे."

"पण खुर्ची उलटी केली की तिचे पाय वर जातात, बाई. टेबलाला लागते ती फक्त बसायची जागा."

"आणि बसायच्या जागेला काय लागतं, ते सांगू का सगळ्यांसमोर?"

मोठा वेटर फिस्सकन हसला आणि लगेच खोकल्याचं नाटक करत आत पळाला. जावईबापूंचे कान लाल झाले. तरी ते पायरी सोडून बोलले नाहीत. म्हणाले, "बरं, खुर्च्या उतरवल्यावर एकदा फडकं फिरवा. पण पंचेचाळीस मिनिटांतच. दार अर्धा तास लवकर उघडायचंय. शेजारचं हॉटेल आपलं सकाळचं गिऱ्हाईक पळवतंय."

"फडकं फिरवणं वेगळं आणि धुणं वेगळं. पंचेचाळीस मिनिटांत घाण पसरते, निघत नाही. मला नाही जमायचं."

"जमवा," जावईबापू म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. म्हणजे बोलणं संपलं.

मग चार दिवस हॉलमध्ये जे चाललं त्याला दुसरा शब्द नाही, युद्धच ते. बाई खुर्च्या चढवत नाहीत ना, मग हॉटेल बंद करताना वेटरांनीच चढवून जायचं, असा हुकूम निघाला. मंगळवारी सकाळी बाईंनी दार उघडलं तर छप्पन्न खुर्च्या तंगड्या वर करून टेबलांवर पालथ्या. बाईंनी पदर खोचला. सगळ्या खुर्च्या खाली उतरवल्या, मग आपल्या पद्धतीने उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे नेल्या, आणि टेबलं आज दोनदा धुतली, कारण त्यांच्यावर रात्रभर खुर्च्या निजल्या होत्या. दीड तासाचे दोन तास झाले. बाहेर गिऱ्हाइकं काचेला नाक लावून उभी. जावईबापू घड्याळ बघून थकले. बुधवारी तेच. गुरुवारी तेच. शुक्रवारी बाईंची कंबर धरली तरी तेच. वेटर लोकांचं मात्र मरण. चढवायला सांगणाऱ्याचं ऐकावं तरी पंचाईत आणि उतरवणारीच्या नजरेला नजर द्यावी तरी पंचाईत. मोठा वेटर एकदा हळूच म्हणाला, "हेडबाई, आमचा नाइलाज आहे हो."

"तुमचा असेल," बाई म्हणाल्या. "माझा नाहीये."

शुक्रवारी जाताना जावईबापूंनी त्यांना थांबवलं. "उद्या तक्त्याप्रमाणे काम झालं पाहिजे. नाहीतर परवापासून येऊ नका." हे बोलताना त्यांनी मान वर केली नव्हती.

घरी गेल्यावर बाईंनी काहीच सांगितलं नाही, पण भांडी इतक्या जोरात आपटली की सगळं सांगून झालं. नवरा खिडकीपाशी बसला होता, थरथरणारे हात मांडीखाली दाबून.

"काय झालं?"

बाईंनी सांगितलं. आणि सांगता सांगता रडू फुटलं, संतापाचं आणि भीतीचं एकदमच. भीती होतीच. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं काम कोण देणार? घर त्यांच्या एकटीच्या कामावर चालत होतं. आणि नुसतं तेवढंही नव्हतं. तो हॉल त्यांचा होता. कोणत्या टेबलाचा कोणता पाय आखूड आहे, कोणत्या खिडकीतून धूळ येते, हे त्यांना स्वतःच्या तळहातासारखं माहीत होतं.

"अहो, बोला काहीतरी! सोडून देऊ का हट्ट?" त्या ओरडल्या.

नवरा खिडकीकडून त्यांच्याकडे वळला. मग म्हणाला, "मी कोटाचं अस्तर आतून कधी कच्चं शिवलं नाही. गिऱ्हाईक काही उसवून बघत नाही, तरीही." पुढे म्हणाला, "मला विचारू नकोस. मी तुला सोड म्हणणार नाही."

शनिवारी बाई नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघाल्या. हॉल तसाच होता, खुर्च्या पालथ्या. बाईंनी तेरा टेबलांना हातही लावला नाही. चौथ्या नंबरच्या टेबलापाशी फक्त गेल्या. हे टेबल गल्ल्याजवळचं, जावईबापू रोज दार उघडायच्या आधी तिथे बसून चहा आणि पाव घ्यायचे. त्या टेबलाचं सगळं काम बाईंनी तक्त्याबरहुकूम केलं. चारही खुर्च्या खाली घेतल्या आणि टेबल पुसलं. मग त्याच खुर्च्या पुन्हा वर ठेवल्या, खालची फरशी पुसली आणि खुर्च्या उतरवल्या. एका खुर्चीच्या टोपणातून काळा, चिकट गोळा टपकन टेबलावर पडला. बाईंनी तो तसाच राहू दिला. आणि मग बादली बाजूला ठेवून हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

जावईबापू आले. एका टेबलाभोवती खुर्च्या लावलेल्या, बाकी हॉल तसाच उलटा, आणि आचारी, मोठा वेटर आणि इतर वेटर भिंतीला चिकटून उभे.

"हे काय आहे?"

"तक्ता," बाई म्हणाल्या. "एक ते चार. सहीसही. बसा, चहा घ्या. तुम्हाला हे चालत असेल, तर बाकीची तेराही अशीच करते. वेळेत करते. एक शब्द बोलणार नाही."

आचाऱ्याने चहा आणि पावाची बशी आणून ठेवली आणि तो तिथेच घुटमळला. जावईबापू बसले. रोजच्या सवयीने त्यांनी पाव फोडला आणि अर्धा टेबलावर ठेवला. ठेवल्यावर त्यांना तो काळा गोळा दिसला, पावापासून बोटभर अंतरावर.

बाईंना वाटलं, जिंकले.

पण जावईबापूही काही कमी नव्हते. त्यांनी बाईंच्या डोळ्यांत बघत तो पाव उचलला, चहात बुडवला आणि खाल्ला. सावकाश, चावून चावून. वर रुमालाने तोंड पुसलं.

"बघा," ते म्हणाले. "काही झालं मला?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हे त्यांनी धरलंच नव्हतं. सगळा डाव त्या एका पावावर लावला होता आणि तो पाव समोरच्याच्या पोटात गेला होता. मोठ्या वेटरने मान फिरवली. पण बाई हार मानून मागे सरकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या पुढे झाल्या.

"तुम्ही खाल्लंत, कारण तुम्हाला माहीत होतं. तुमची मर्जी. बाहेर जे उभे राहतील त्यांना काय माहीत? त्यांनाही सांगा आणि मग वाढा. मी सांगू का? दार उघडते आणि सांगते, या, बसा, पुसलेलं नाहीये."

"बाई, पुरे! बादली ठेवा आणि निघा."

"निघते. पण आधी सांगते."

आवाज आता आचाऱ्याच्या चुलीपर्यंत जात होते. त्या गडबडीत मागचं दार कधी उघडलं कुणालाच कळलं नाही. दर शनिवारी यायची तशी मालकांची लेक आली होती, कडेवर दीड वर्षांची पोरगी. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं, त्यामुळे ती स्वयंपाकघरातून सरळ हॉलमध्ये आली. बाईंना बघून "मावशी!" म्हणून हसली, नवऱ्याकडे बघून काय चाललंय अशी भुवई उंचावली, आणि हात अवघडला म्हणून पोरीला समोरच्या टेबलावर बसवायला वाकली. चार नंबरच्या.

पोरीचे तळवे टेबलावर टेकले. एका हाताने तिने तो काळा गोळा उचलला आणि लहान पोरं करतात तेच केलं. तोंडाकडे नेला.

"ए! घाण आहे ती! टाक!"

हा आवाज जावईबापूंचा होता. इतक्या दिवसांत त्या हॉलमध्ये त्यांनी इतका आवाज चढवला नव्हता. खुर्ची मागे पडली, कप उलटला, ते पोरीवर झेपावले आणि तिच्या मुठीतून तो गोळा ओढून काढला. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली.

"अहो, काय झालं? ओरडता काय असे?" बायको घाबरून म्हणाली. "टेबलच तर आहे."

आचारी छताकडे बघत होता. जावईबापू पोरीचे हात स्वतःच्या रुमालाने पुसत होते, पुन्हा पुन्हा, बोट अन् बोट. शेवटी त्यांनीच सांगितलं, बायकोकडे न बघता.

"पुसलेलं नाही ते."

बाईंच्या मनात आलं, आता बोलू नये. माणूस शरमला आहे, पुरे झालं. पण चार दिवसांचा राग होता, दुखरी कंबर होती, आणि बाहेर काचेपाशी एक माणूस आपल्या दोन पोरांना घेऊन येऊन उभा राहिला होता. बाई बोलल्या.

"तुमची पोरगी म्हणून ओरडलात. ती दोन कुणाची आहेत?"

जावईबापूंनी काचेकडे पाहिलं. बाहेरच्या पोराने जीभ काढून काच चाटायला सुरुवात केली होती आणि बाप त्याला मागे ओढत होता. जावईबापूंनी रुमाल खिशात घातला. मग पोरगी बायकोकडे दिली, दारापाशी गेले आणि दार फटीएवढं उघडून बाहेर म्हणाले, "थोडं थांबावं लागेल. टेबलं धुवायची आहेत."

"किती वेळ?" बाहेरच्या माणसाने विचारलं.

जावईबापू वळले. पहिल्यांदाच त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता बाईंकडे बघितलं.

"दीड तास," बाई म्हणाल्या. "रोज."

"एक तासात होईल का?"

"दीड."

"दीड तास," जावईबापूंनी दाराबाहेर सांगितलं आणि दार लावून घेतलं. बाहेरचा माणूस कुरकुरत पोरांना घेऊन शेजारच्या हॉटेलकडे चालू लागला. ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. जावईबापूंनी ते जाताना पाहिलं, पण दार पुन्हा उघडलं नाही.

बाईंनी पदर खोचला आणि उजवीकडच्या पहिल्या खुर्चीला हात घातला. कमरेतून कळ आली. वेटर पुढे झाले, पण बाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि गल्ल्यापाशी मोकळ्या हाताने उभ्या असलेल्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "नुसते बघत काय उभे राहिलात, जावईबापू? धरा तिकडून. आणि उचला, ओढू नका."